चौकटीची जागा

त्या कचेरीत एक नियम थोरल्या वकिलांच्या काळापासून चालत आला होता: एका खटल्याला एकच चौकट. कागद कितीही असोत, साक्षीदार कितीही बडबडे असोत, सगळे वाचून झाल्यावर खटल्याचा जीव जिथे असेल तेवढे दोन-चार ओळींत उतरवायचे आणि त्याभोवती चौकट आखायची. टंकयंत्राच्या दिवसांत वरची आणि खालची रेघ यंत्रावर उठत असे, आणि उभ्या दोन रेघा वहिनी पट्टी धरून लाल पेन्सिलीने ओढत. चौकटीत काय जायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा एकटीचा. थोरले वकील, म्हणजे त्यांचे यजमान, कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडत. पण चौकटीवरून त्यांनी बायकोशी वाद घातल्याचे कोणाला आठवत नव्हते. ते गेले आणि कचेरी त्यांच्या धाकट्या भावाकडे आली. कचेरीबरोबर वहिनी आल्या आणि वहिनींबरोबर चौकट.

धाकटे वकील हे वहिनींचे दीर. वहिनी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा ते गुडघे फोडून घेण्याच्या वयाचे होते, आणि त्यांच्या परीक्षांपासून त्यांच्या पहिल्या काळ्या कोटापर्यंत सगळे वहिनींच्या हाताखालून गेले होते. त्यांना हाक मारण्याच्या वहिनींच्या तीन तऱ्हा होत्या. कोर्टाच्या आवारात ‘वकीलसाहेब’, घरात ‘भाऊजी’, आणि फार राग आला किंवा फार माया दाटून आली की नुसते ‘तू’. दिरांना तिन्ही ओळखू येत, आणि तिसरीची थोडी धास्तीही असे.

पन्नाशी उलटल्यावर दिरांची दृष्टी कडेकडून आत विझत गेली. शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. ते त्यावर फार बोलले नाहीत. अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात काही महिने काढले, बोलणारा कॉम्प्युटर शिकून घेतला आणि दोन वर्षांपूर्वी पुन्हा कोट चढवून उभे राहिले. वहिनी फायली टंकून देत, यंत्र त्या वाचून दाखवी. लाकडी आडोशापलीकडे बसलेल्या वहिनींच्या कामात व्यत्यय नको म्हणून दीर कायम कानांवर हेडफोन चढवून ऐकत. यंत्र काय बोलते हे वहिनींनी कधी विचारले नाही. पानावर जे आहे तेच ते बोलत असणार, आणि पानावर काय आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

पान तर देखणेच असे. शीर्षक बरोबर मध्यावर, तेही स्पेसबार मोजून. साठी ओलांडल्यावर कॉम्प्युटर शिकलेल्या वहिनींनी जुन्या यंत्राची शिस्त नव्यालाही लावली होती. दोन परिच्छेदांत मोकळी हवा, समासाला कुठे वेडेवाकडेपण नाही. आणि चौकट आता लाल पेन्सिलीची राहिली नव्हती. आधी एंटर दाबत दाबत पानावर जागा मोकळी करायची, मग माऊसने चौकट ओढून त्या जागेवर अलगद बसवायची, आणि तिला जाड दुहेरी कड द्यायची. दिरांचे डोळे गेल्यापासून ही कड त्यांनी आणखी जाड केली होती. त्यांना ती दिसणार नाही, हे वहिनींना कळत का नव्हते? पण एखाद्याला दिसत नाही म्हणून त्याला फाटक्या कपड्यांत कोणी बाहेर पाठवत नाही, तसेच हे.

असे चालले असताना रखवालदाराचा खटला त्यांच्याकडे आला.

रखवालदार एका गोदामाच्या फाटकावर उभ्या हयातीत दुसरे काही न करता बसलेला माणूस. गोदामातून माल चोरीला गेला, त्या पहाटे हा फाटक सोडून निघून गेला होता असा ठपका ठेवून मालकाने त्याला घरी बसवले. आधीच्या वकिलाने साक्षी उरकल्या आणि युक्तिवादाची वेळ आल्यावर अंग काढून घेतले. साक्षींच्या नकला म्हणजे पानांचे नुसते फोटो. यंत्राला फोटो वाचता येत नाहीत, म्हणून वहिनींनी त्या सगळ्या स्वतः वाचून त्यांचे सार टंकले. वाचता वाचता त्या एका जागी थांबल्या. मालकाच्याच बाजूने उभा राहिलेला ट्रकवाला ताडपत्रीबद्दल काहीबाही सांगत होता, आणि त्या भरात बोलून गेला होता की त्या पहाटे ताडपत्री सैल झाली म्हणून तो गोदामाकडे परत वळला, आणि फाटक ‘त्या म्हाताऱ्यानेच’ उघडून दिले. म्हणजे रखवालदार फाटकावरच होता, हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. वहिनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, वाक्य पुन्हा वाचले. मग त्यांनी चौकट आखली. इतकी बिनचूक चौकट आपण कित्येक वर्षांत आखली नव्हती, असे त्यांना वाटले.

युक्तिवादाच्या दिवशी त्या मागच्या बाकावर बसल्या. दीर बोलायला उभे राहिले. माणसाची नोकरी किती निर्मळ होती, चौकशी किती घाईत झाली, नोटीस कशी उशिरा दिली, हे सगळे त्यांनी नीट मांडले. वहिनी ट्रकवाल्याची वाट पाहत राहिल्या. ट्रकवाला आलाच नाही. समोरच्या वकिलाने उत्तरासाठी पुढची तारीख मागितली, न्यायाधीशबाईंनी दिली, आणि दीर खाली बसले. कोर्टात उभ्या माणसाला मागून बोलायचे नाही हा थोरल्या वकिलांचा दंडक होता. वहिनींनी तो पाळला. रखवालदाराने बाहेर येऊन दोघांना हात जोडले. आता फाटकावर परत घेतील ना, एवढेच त्याने विचारले. घरी बसून सगळ्यांच्या पायांत पायांत येतो, असेही तो सांगत होता.

कोर्टाच्या जिन्यावरून उतरताना दीर नेहमीप्रमाणे वहिनींच्या कोपराला धरून एक पाऊल मागे होते. प्रत्येक वळणावर वहिनी ‘पायरी’ म्हणत. त्या दिवशीही म्हणाल्या, पण दगडावर दगड ठेवावा तशा. दिरांनी विचारले, काही झाले का. काही नाही, असे उत्तर मिळाले. माझी चौकट का वापरली नाही, हे विचारणे म्हणजे मागायला जाणे, आणि वहिनी आजवर कोणाच्या दारात मागायला गेल्या नव्हत्या. तरी मनात गणित सुरू झालेच. गेल्या दोन वर्षांतले खटले त्यांनी एकेक करून आठवले. शिलाई कारखान्यातल्या बाईच्या खटल्यातही चौकट तशीच राहिली होती. त्याआधीच्याही एकात. तेव्हा त्यांनी मनाची समजूत घातली होती की वकिलाचा काही वेगळा डाव असेल. आता समजूत घालायचाही कंटाळा आला. दिराला आता आपल्या नजरेची गरज वाटत नाही. सरळ सांगायचे धाडस नाही, म्हणून तो न सांगता बाजूला सारतो आहे. एवढ्या वर्षांच्या कामाचा शेवट असा व्हावा, याचे त्यांना दुःखही धड होत नव्हते. नुसता शीण येत होता.

त्यात दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतले नोटरी मोजपट्टी घेऊन आले. ते बोलायला गोड आणि पोटाने ऐसपैस गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी वहिनींच्या टेबलामागची भिंत मोजायला घेतली. वहिनींनी चष्म्यावरून पाहिले, तेव्हा ते ओशाळून म्हणाले की त्यांचे कपाट इथे बसते का ते पाहत होते. महिनाअखेरीला खोली मिळायची आहे, वकीलसाहेब बोललेच असतील. वहिनींच्या कानावर अक्षरही आलेले नव्हते.

“बोलले ना,” वहिनी म्हणाल्या. “पण कपाट मोजायच्या आधी दार मोजा. तुम्हीच आत येताना अंग चोरता.”

नोटरी हसत हसत गेले. वहिनींनी कागद बाजूला सारले आणि आडोशापलीकडे जाऊन दिरांना विचारले, की भाऊजी, ही खोली नोटरींची कधीपासून झाली.  दिरांनी सांगितले की रखवालदाराचा खटला शेवटचा. नोटरींना शब्द दिला आहे. निकाल लागल्यावर सांगणार होतो.

“थकलो, वहिनी,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही थकला आहात.”

“माझं मी बघते.”

त्या परत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. ‘तुम्हीही’ हा शब्द त्यांच्या अंगाला कुसळासारखा टोचत राहिला. पाठ दुखते, गुडघे कुरकुरतात, डोळ्यांत औषध घालावे लागते, हे सगळे खरे. पण आपले काम थकले आहे असे आपल्या तोंडावर कोणी म्हणेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते.

पुढच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात दिरांचा कान सुजला. डॉक्टरांनी हेडफोन लावायला बंदी केली. दुपारी वहिनी चहाचे दोन कप घेऊन आडोशापलीकडे गेल्या, तेव्हा यंत्र पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात बोलत होते. आवाज बाईचा, पण ना ओलावा ना दमसास. पाठ केलेला धडा सुटी व्हायच्या आत उरकावा तसा. वहिनी कप हातात धरून उभ्या राहिल्या. स्वतःचे वाक्य परक्या तोंडून ऐकणे त्यांना मुळीच आवडले नाही. ट्रकवाल्याच्या साक्षीचे सार सुरू झाले. ट्रक कुठून निघाला, माल काय होता, ताडपत्री कशी होती. आता चौकट, वहिनींनी मनात म्हटले.

“रिकामी ओळ,” यंत्र म्हणाले. “रिकामी ओळ. रिकामी ओळ. रिकामी ओळ.” असे ते म्हणतच राहिले, आणि मग श्वास न घेता पुढच्या साक्षीदाराच्या नावावर गेले.

वहिनींनी कप खाली ठेवले. एका कपातला चहा बशीत सांडला.

“मागे घे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लाव.”

दीर दचकले. त्या उभ्या आहेत हे त्यांना पावलांवरून कळले होते, पण ‘घे’ ऐकून ते सावरून बसले. त्यांनी बटण दाबले. यंत्राने पुन्हा ताडपत्री सांगितली, पुन्हा रिकाम्या ओळी मोजल्या आणि पुढे चालते झाले.

“या रिकाम्या ओळी कसल्या?” वहिनींनी विचारले.

“तिथं तुम्ही जागा सोडता.”

“कशाला सोडते?”

“चौकटीला,” दीर म्हणाले.  “प्रत्येक फायलीत सोडता. आधी मला वाटलं, मागाहून भराल. मग माझ्या लक्षात आलं की आता काही सुचत नसेल. तुम्ही सवयीनं जागा करता, आणि ती तशीच राहते. दोन वर्षं झाली, वहिनी. मी विचारलं नाही.”

वहिनी स्टुलावर बसल्या. दिरांच्या पडद्यावर त्यांची चौकट होती, जाड दुहेरी कडेची, पानाच्या ऐन मध्यावर, आणि तिच्यात ट्रकवाल्याचे वाक्य होते. त्यांनी ते वाचले. मोठ्याने, एकदाच, कोर्टात वाचावे तसे.

दिरांनी हात टेबलावर पालथा ठेवला. “हे कुठं आहे?”

“हे इथंच आहे. तुझ्या समोर. पहिल्या दिवसापासून आहे.”

“चौकट वर तरंगते,” दीर हळूहळू म्हणाले. जणू ते केंद्रातला कुठला तरी जुना धडा आठवत होते. त्यांनी सांगितले की माऊसने ओढून बसवलेली चौकट पानावर असते पण मजकुराच्या ओळीत नसते, आणि यंत्र ओळ धरून चालते. चौकट त्याच्या वाटेत येतच नाही. तिच्याखाली उरतात त्या फक्त रिकाम्या ओळी.

“म्हणजे तुझ्यापेक्षा हे यंत्र आंधळं,” वहिनी म्हणाल्या.

दीर हसले. दोन वर्षांत वहिनींनी त्यांच्या डोळ्यांवरून थट्टा केली नव्हती. सगळे जपूनच बोलत. ते हसले आणि मग हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्यांनी सांगितले की कचेरी बंद करायची ठरवली ती डोळ्यांपायी नव्हे. डोळ्यांवाचून त्यांनी निभावले होते. पण चौकट न ऐकता उभे राहिले की पायांखाली फळी नसल्यासारखे वाटे, आणि वहिनींना काही सुचेनासे झाले असेल तर त्यांना रोज टंकायला बसवणे हा त्यांचा छळ होता. खोली गेली म्हणजे त्या आपोआप सुटल्या असत्या.

“तुला केंद्रात हे सगळं शिकवलं होतं. तरंगणाऱ्या चौकटी, रिकाम्या ओळी. मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला टायपिंगमधलं सांगायला कोण जन्माला आलंय?”

 वहिनींनी गार झालेला चहा पिऊन टाकला, आपली खुर्ची आडोशामागून दिरांच्या टेबलाशी ओढून आणली आणि शिकव म्हणून हुकूम सोडला.

शिकणे सुखाचे झाले नाही. दीर सांगत, वहिनी करत, यंत्र चुका काढी, आणि त्या यंत्राला उर्मट म्हणत. शीर्षक नुसते ठळक करून भागत नाही. ते शीर्षक आहे असे कॉम्प्युटरला वेगळे सांगावे लागते, मग दिरांना एका बटणावर एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आजवर त्यांना एकेक फाइल पहिल्या ओळीपासून ऐकत यावे लागत होते, हे वहिनींना तेव्हा कळले. स्पेसबार मोजून काही मध्यावर न्यायचे नाही. तक्त्याची पहिली ओळ ही मथळ्याची, हे नोंदवायचे. चित्र असेल तर त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचे. आणि चौकट काढून टाकायची. मजकूर ओळीत आणायचा आणि त्याच्या डोक्यावर एक शीर्षक द्यायचे.

“काय देऊ शीर्षक?” वहिनींनी विचारले.

“चौकट,” दीर म्हणाले.

काम पुरे झाले तेव्हा पान उघडेबोडके दिसत होते. सगळे डावीकडे सरकलेले, कुठे कड नाही, कुठे मोकळी हवा नाही. एवढ्या वर्षांची कमावलेली ठेवण आपल्या हाताने मोडली, याचे वहिनींना वाईट वाटले, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. मग दिरांनी बटण दाबले. “शीर्षक. चौकट,” यंत्र म्हणाले, आणि ट्रकवाल्याचे वाक्य खोलीत स्पष्ट उमटले. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पान किती उघडेबोडके आहे हे तसे बसल्यावर कळत नव्हते.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाचे उत्तर झाल्यावर दीर उभे राहिले आणि थेट ट्रकवाल्यावर आले. समोरच्याने लगेच हरकत घेतली, की हा मुद्दा मागच्या वेळी का नव्हता. न्यायाधीशबाईंनीही तेच विचारले.

“तो माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता,” दीर म्हणाले. “साक्षीत मात्र तो पहिल्यापासून आहे.”

न्यायाधीशबाईंनी नकला मागवून ते पान काढले, वाचले, आणि समोरच्या वकिलाला हे वाक्य त्यांच्याच साक्षीदाराचे ना, असे विचारले. त्याने बरेच काही सांगितले, पण त्याच्या सांगण्यात जोर नव्हता. जिन्यावरून उतरताना वहिनींचे ‘पायरी’ म्हणणे पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. निकाल यायला महिना सरत आला. रखवालदाराला कामावर परत घ्यावे असा तो होता. कचेरीत येऊन तो दारातच उभा राहिला, बसा म्हटले तरी बसला नाही. फाटकाला कोणी नाही, म्हणाला, आणि गेला.

त्या संध्याकाळी नोटरी पुन्हा डोकावले. दिरांनी त्यांना आत बोलावून शब्द मागे घेतल्याचे सांगितले आणि माफी मागितली. नोटरींनी ते मनाला लावून घेतले नाही. नाहीतरी कपाट दारातून आलेच नसते, असे म्हणून ते निघून गेले. दोघेच उरले. आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही असेल. पण दोघेही फार दमलेले होते.

मग वहिनींनी आपला कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

“आता काय?” दिरांनी विचारले.

“दोन वर्षांच्या फायली आहेत. त्यांतल्या चौकटी खाली उतरवायच्यात.”

 दिरांना वहिनींच्या आवाजावरून कळले असावे की कुठली फाइल आधी उघडली जाते आहे. शिलाई कारखान्यातल्या बाईचा खटला ते हरले होते, आणि अपिलाची मुदतही केव्हाच उलटून गेली होती.

“ती नको, वहिनी.”

“मी वाचून दाखवत नाहीये. ओळीत आणून ठेवतेय. ऐकायचं की नाही, ते तू ठरव.”

जाड दुहेरी कडेची चौकट पडद्यावर आली. वहिनींनी आतला मजकूर उचलला, रिकाम्या ओळी एकेक करून मिटवल्या, मजकूर त्यांच्या जागी ठेवला आणि वर शीर्षक दिले. फाइल जतन केली. खिडकीखालून जाणाऱ्या वाहनांचे दिवे छतावरून सरकत होते. दिरांचा कान आता बरा होता. त्यांनी खणातून हेडफोन काढले, हातात घेतले आणि तसेच धरून बसले. वहिनींनी पुढची फाइल उघडली आणि तिच्यातली चौकटही उतरवायला घेतली. ती होत आली तेव्हा दिरांच्या टेबलाकडून बटणाचा बारीक आवाज आला. त्यांनी मान वळवली. दिरांच्या पडद्यावर शिलाई कारखान्यातल्या बाईची फाइल होती. त्यांनी हेडफोन चढवले होते आणि ते डोके किंचित खाली घालून ऐकत होते.

त्यांचे ऐकून होईपर्यंत वहिनी कीबोर्डवरचे हात उचलून थांबल्या.